दुर्गदबैलातलं स्वीडन

हुबळीच्या दुर्गदबैलात सखारामअण्णा जतकर नावाचे एक गृहस्थ स्वीडन देशाच्या पार्लमेंटची निवडणूक घेत असत. घेत असत म्हणजे खरोखरच घेत असत. तिकडं स्वीडनात दर चार वर्षांनी लोक मतं देत, आणि त्याच सुमाराला इकडं आमच्या बाजारातले ज्वारीवाले, कापडवाले, हातगाडीवाले आणि हमाल अण्णांच्या दुकानासमोर रांग लावून स्वीडनवर कुणी राज्य करावं ते ठरवत. स्वीडनला याचा पत्ता नव्हता. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. तुमच्या लग्नाचं आमंत्रण मिळालं नाही म्हणून आम्ही घरी गोडधोड करू नये काय, असं ते मलाच विचारत.

मी मास्तर माणूस. हायस्कुलात भूगोल आणि इंग्रजी शिकवायचो आणि केशवापुरात अण्णांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मागच्या भागात अण्णा आणि त्यांची धाकटी बहीण अंबक्का. अण्णांची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. अंबक्का बालविधवा. तिचं पांढरं कपाळ आणि तिचा आवाज या दोन गोष्टींपैकी पहिलीच मला कित्येक वर्षं ठाऊक होती. एका छपराखाली राहून मी तिला बोलताना ऐकलं नव्हतं, यावरून काय ते समजा.

अण्णांचं दुकान स्टोव्हचं. पितळी टाकीचे, भरभर आवाज करणारे ते स्टोव्ह स्वीडनहून यायचे. काडेपेट्या स्वीडनच्या, वस्तऱ्याची पाती स्वीडनची. सगळा संसार ज्या देशाच्या मालावर चाललाय त्याची खबरबात ठेवायला नको काय, असा अण्णांचा सरळ हिशेब. बाजारानं त्यांचं नाव स्वीडनअण्णा ठेवलं होतं आणि ते त्या नावाला ओ देत.

स्टोव्ह दुरुस्तीला आला की अण्णा आधी पिन मारत नसत, पंप उघडत नसत. टाकी कानाशी धरून हलवत आणि म्हणत, “थांबा, आधी त्याला विचारून बघू.” हे त्यांचं पालुपद. कुणी म्हणालं, पोराला दुकानात बसवतोय, की अण्णांचा प्रश्न ठरलेला: “विचारून बघितलंय काय त्याला?” कुणी बैल विकायला काढला तरी तेच. ते लांबून दिसले की हातगाडीवाले कानडीत ओरडत, “केळि नोडु, अण्णा!” म्हणजे विचारून बघा. अण्णा हात वर करून नमस्कार घेत.

माझ्याही डोक्याला त्यांनी हा ताप दिला. आमच्या शालूला मी गाण्याच्या शिकवणीला घातलं, पेटी आणली, गुरुवार बघून नारळ फोडला. अण्णा दारात उभे राहून म्हणाले, “मास्तर, विचारून बघितलंय काय पोरीला?” आता सात वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? पण म्हटलं, जाऊ दे, विचारतो. पोरीनं स्वच्छ नाही म्हटलं. मी आठवडाभर अण्णांशी धड बोललो नाही.

हे निवडणुकीचं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं मीच. बत्तीस साली काडेपेट्यांचा कुणी बडा मालक तिकडं मेला आणि बाजारात हूल उठली की स्वीडन बुडालं, आता माल येणार नाही. अण्णा घाबरून माझ्याकडं आले. मी वाचनालयात जाऊन मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र चाळलं आणि त्यांना सांगितलं की देश काही बुडत नाही, तिथं आता निवडणूक आहे, लोक नवं सरकार आणतील. निवडणूक म्हणजे काय, ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून समजावलं. तिथं वयात आलेल्या प्रत्येकाला एक मत.

“हमालाला पण?” अण्णांनी विचारलं. म्हटलं, हमालालाही. “बायकांना?” म्हटलं, बायकांनाही. लग्न झालेल्यांना काय, न झालेल्यांना काय, सगळ्यांना. अण्णा बशीतला चहा तसाच धरून बसले होते. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “आणि नवरा मेलेल्यांना?” मी हसलो. म्हटलं, अहो, मत देताना नवरा आहे की नाही ते तिथं कुणी बघत नाही. अण्णांनी चहा खाली ठेवला आणि तो काही प्याले नाहीत. मी माझा आणि त्यांचा, दोन्ही पिऊन टाकले आणि शाळेत गेलो.

पुढच्याच आठवड्यात दुकानाच्या फळीवर एक नवी कोरी पितळी टाकी येऊन बसली. बर्नर काढलेला, रॉकेल भरायचं झाकण उघडं. हीच मतपेटी. आमच्या बाजारात लिहिता न येणारे पुष्कळ, म्हणून अण्णांनी चिठ्ठ्या ठेवल्या नाहीत, धान्य ठेवलं. मजूर पक्षाला ज्वारी, शेतकऱ्यांच्या पक्षाला तूर, मवाळांना मूग आणि बड्या पेढीवाल्यांच्या पक्षाला गहू. ज्याला जे सरकार हवं त्यानं त्याचा एक दाणा मुठीत झाकून टाकीत सोडायचा. कुणी काय टाकलं ते दुसऱ्यानं बघायचं नाही, म्हणून त्या वेळी सगळ्या रांगेनं तोंड फिरवून समोरच्या कापडदुकानाकडं बघायचं.

निकाल लागला तेव्हा ज्वारी इतकी निघाली की एका माणसाची भाकरी झाली असती. चौकशी केली तर बसप्पा ज्वारीवाल्यानं चिमूटभर टाकली होती. त्याच्यामागच्या चारसहा धान्यवाल्यांनीही तेच केलेलं. लबाडी नव्हती हो त्यात. जन्मभर माप भरून झाल्यावर वर चिमूटभर जास्त घालायची सवय, हाताला एक दाणा सोडणं कळेचना. बसप्पा बिचारा म्हणाला, “एकच दाणा टाकायचा म्हणजे गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं, अण्णा.” आणि गंमत म्हणजे तिकडं स्वीडनातही मजूर पक्षच वर आला. आपल्या चिमटीनं ते सरकार आलं अशी बसप्पाची मरेपर्यंत खात्री होती.

छत्तीस सालापासून अण्णांनी नियम कडक केले. प्रत्येकाला पानावर चार जातीचे चारच दाणे, एक टाकायचा, उरलेले खायचे. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून चालत आली होती. दुपारी मतदान थांबवून अण्णा ती टाकी उपरण्यात गुंडाळून घरी न्यायचे आणि जेवून परत आणायचे. बाजारात कुणी विचारलं तर म्हणत, “राहू दे की, दुकानात कुणी हात घालेल.”

त्या वर्षी मला ताप होता, म्हणून मी घरीच पडून होतो. मधलं दार उघडं होतं. अण्णा आले, टाकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवली, शेजारी पळसाच्या पानावर चार दाणे ठेवले आणि अंगणाकडं तोंड करून उभे राहिले. आत बांगडी नसलेला एक हात दिसला. मग पितळेवर दाणा पडल्याचा बारीक आवाज झाला. अण्णा आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले, टाकी उचलली आणि जेवायला बसले. माणूस मतांची संख्या वाढवतोय, एवढंच माझ्या तापलेल्या डोक्यात आलं.

पुढच्या वर्षी आपल्याकडंही निवडणूक झाली. अण्णा घरपट्टी भरणारे, त्यांना मत होतं. कोट-टोपी घालून गेले आणि पडल्या चेहऱ्यानं परत आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “अंबूला मत नाही. शिकलेली नाही, नावावर घर नाही.” म्हटलं, अण्णा, अर्ध्याहून जास्त गावाला नाही. तर म्हणाले, “मग त्याला निवडणूक कशाला म्हणायचं?” दोन दिवसांनी ते आमच्या सौभाग्यवतींना भेटायला आले. दारात अवघडून उभे. “वैनी, अंबूला अक्षरं शिकायची काय, जरा विचारून बघा की. मी विचारलं तर ती मला बरं वाटावं म्हणून हो म्हणेल.”

आमच्या सौ. शिकलेल्या, पुण्याच्या. त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की आमच्या पडवीत पाटी निघू लागली. शालूच्या बरोबरीनं अंबक्का बाराखडी गिरवू लागली आणि दोन वर्षांत शालूच्या पुढं निघून गेली. मग इतिहास, मग हिशेब. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो धडा वाचताना. चांगला खणखणीत होता.

चाळीस साल उजाडलं ते लढाई घेऊन. नॉर्वे आणि डेन्मार्क जर्मनांनी गिळले, स्टोव्हचा माल यायचा बंद झाला, आणि भाद्रपदात स्वीडनची निवडणूक आली. मी बातमी अण्णांना वाचून दाखवली. “शेजारची दोन्ही घरं पेटलीत,” ते म्हणाले, “आणि हे लोक रांग लावून मत द्यायलेत. काय माणसं असतील, मास्तर.”

त्याच दिवसांत जतहून त्यांचे काका आले. काका वाईट माणूस नव्हता. त्यांची सून बाळंतपणात गेली होती, मागं लहान पोरं, चूल पेटवायला घरात बाई नाही. अंबक्काला घेऊन जायला आले होते. पडवीत सुपारी कातरत त्यांनी सांगून टाकलं की सकाळच्या गाडीनं निघतो, तिचं काय आहे नाही ते बांधून ठेवा. आमच्या सौ. आतून आल्या. एरवी परक्या पुरुषांसमोर त्या बोलत नसत, पण त्या दिवशी बोलल्या. पुण्यात विधवा बायकांना शिकवून शिक्षिका करतात अशी संस्था आहे, माझी मावशी तिथं आहे, अंबक्काची तयारी झालीय, मी तिला तिथं पाठवणार होते. काका हसले. ह्या वयात शाळा?

मी अण्णांकडं बघितलं. त्यांना दोन्हीकडून मरण. जतला गेली तरी घर ओस, पुण्याला गेली तरी ओस. अंबक्का हीच त्यांची चूल आणि तीच त्यांची दिवेलागण. नको म्हणायचा त्यांना हक्क होता, वडीलभाऊ होते. ते म्हणाले, “काका, तिला विचारून बघितलंय काय?”

काका चिडले. तिला काय विचारायचं, तिला काय कळतं, विचारलं तरी ती बोलणार आहे काय? शेवटचं खरं होतं. काकांसमोर ती तोंड उघडणं शक्यच नव्हतं. अण्णा उठले, दुकानात गेले आणि उपरण्यात टाकी गुंडाळून घेऊन आले. बाजारातलं मतदान अर्ध्यावर राहिलं.

त्यांनी तिघांदेखत टाकी उपडी करून, हलवून रिकामी केली. पानावर तीन दाणे ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ज्वारी म्हणजे जत. तूर म्हणजे इथंच राहायचं. मूग म्हणजे पुणे. काका म्हणाले, मग आम्ही घरची माणसं पण टाकू की एकेक दाणा. अण्णांनी मान हलवली. “जायचं तिनं, राहायचं तिनं. ह्या निवडणुकीला मतदार एकच आहे.” आणि टाकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवून ते अंगणाकडं तोंड करून उभे राहिले. मी उभा राहिलो. आमच्या सौ. राहिल्या. शेवटी काकाही पुटपुटत वळले.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. समोरच्या आवारात कुणीतरी धुणं आपटत होतं. मी देवाला मानणारा माणूस नव्हे, पण तूर पडू दे असं मी मनात म्हटलं. माझ्या घरमालकाचा चेहरा मला दिसत होता. मग पितळेवर दाणा वाजला.

अण्णांनी टाकी उलटी केली. दाणा अडकला. त्यांनी हलवली, थापटली, सवयीनं कानाशी धरली. तेव्हा कुठं तो त्यांच्या तळहातावर पडला. हिरवा होता.

मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं, तरी दिसलंच. त्यांनी मूठ मिटली, परत उघडली. “मूग,” ते म्हणाले. “निकाल लागला.” काका उसळले. पोरांचं काय, मी तोंड काय दाखवू, हा काय पोरखेळ. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. काकांच्या घरी स्वयंपाकाला बाई बघून द्यायचं त्यांनी कबूल केलं, आणि पुढं तसं केलंही. पण निकाल बदलायचं नाव नाही. “मत म्हणजे मत, काका. आपल्याला आवडलं तरच मोजायचं, असं नसतं ते.”

दसरा झाल्यावर आमच्या सौ. तिला घेऊन पुण्याला निघाल्या. अण्णा आणि मी स्टेशनवर गेलो. अंबक्का खिडकीशी बसली होती, मांडीवर गाठोडं, आणि अण्णांकडं बघवत नाही म्हणून गाठोड्याच्या गाठी सोडत होती आणि बांधत होती. गाडी सुटली. अण्णा बाकावर बसले आणि मी न विचारता सांगायला लागले.

“मास्तर, हिचं लग्न झालं तेव्हा ही आठ वर्षांची. पहाटेचा मुहूर्त. झोपली होती. बाबा मला म्हणाले, उठवू नको, रडेल, तसंच खांद्यावर घेऊन मांडवात चल. मी घेतली. वाटेत जागी झाली आणि मला विचारलं, अण्णा, कुठं चाललोय? मी म्हटलं, जेवायला.” त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “वर्षाच्या आत नवरा गेला. तिला ते काही आठवत नाही. पण कुणी तिला विचारलं नाही ते नाहीच, आणि तिनं विचारलं तर मी हे सांगितलं.”

आठ वर्षं हा माणूस एका बाईला विचारायची सवय व्हावी म्हणून अख्ख्या बाजाराला स्वीडनची मतं द्यायला लावत होता, आणि मी, भूगोलाचा मास्तर, त्याला नकाशा दाखवत बसलो होतो. मी त्यांना घरी घेऊन आलो. त्या दिवशी त्यांनी स्टोव्ह पेटवला नाही.

पुढं अण्णा खाणावळीत जेवू लागले. अंबक्का शिकली, साताऱ्याकडं मुलींच्या शाळेत लागली. लढाई लांबली, रॉकेल मिळेना, दुकानाच्या फळ्या रिकाम्या झाल्या. तरी चव्वेचाळीस साली स्वीडनची निवडणूक आली तशी दुर्गदबैलातही आली. बसप्पा गेला होता, त्याच्या मुलानं येऊन मत दिलं. मोजदाद करायची वेळ झाली तेव्हा अण्णांनी झाकण लावून टाकी परत फळीवर ठेवली. म्हणाले, “एक मत यायचंय.”

स्वीडनात नवं पार्लमेंट बसलं. मी निकाल वाचून दाखवला. अण्णांनी ऐकला, पण टाकी उघडली नाही. नवरात्र झालं, दसरा झाला. हातगाडीवाले येता-जाता विचारत, काय अण्णा, आमचं सरकार कधी? अण्णा म्हणत, थांबा की.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुकानात बसलो होतो. बाजार तुडुंब भरलेला. मिरजेची गाडी येऊन गेली असावी, कारण गर्दीतून अंबक्का येताना दिसली. घरी न जाता थेट इकडं आली होती. अंगावर साधं सुती लुगडं, पायांत वहाणा, हातात पिशवी. आमच्या बाजारात अण्णांच्या घरची बाई, त्यातून विधवा, दिवसाढवळ्या एकटी कधी आली नव्हती. हमाल ओझ्यासकट बाजूला झाले.

तिनं मला नमस्कार केला. पान पुढं करावं लागलं नाही, ते फळीवर धूळ झटकून ठेवलेलंच होतं. अण्णांनी टाकीचं झाकण काढलं आणि शिस्तीप्रमाणे भिंतीकडं तोंड केलं. मीही करणार होतो.

“अण्णा,” ती म्हणाली, “बघितलंस तरी चालतं मला.”

अण्णा वळले, पण मान वर होईना. तिनं दाणा टाकला. कुठला ते अण्णांनी बघितलं नाही हे मी शपथेवर सांगतो, कारण त्यांच्या डोळ्यांना त्या वेळी काही दिसत नव्हतं. मग तिनं त्यांचं उपरणं खुंटीवरून काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं, टोपी हातात दिली आणि त्यांना दंडाला धरून दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवलं.

अण्णा इकडंतिकडं बघत होते. रोजचा बाजार त्यांना अनोळखी झाला होता. “अंबू,” त्यांनी विचारलं, “कुठं चाललोय गं?”

“जेवायला,” ती म्हणाली.

अण्णा जागीच थांबले. वळून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिला काही आठवत होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. ती त्यांचा दंड धरून उभी राहिली, घाई केली नाही. मग अण्णा चालू लागले, आणि केशवापूरच्या रस्त्याला वळेपर्यंत मला त्यांची टोपी तशीच हातात दिसत होती.

दुकान बंद करायचं माझ्यावर आलं. मी टाकीला झाकण लावून ती आत ठेवली आणि फळ्या लावल्या. त्या निवडणुकीचे दाणे कुणी मोजले नाहीत.